वऱ्हाडाला हॉटेल आणि आत्याला गादी?

ताई, सप्रेम नमस्कार.

माझ्या मोठ्या मुलीचं लग्न वैशाखात, मे महिन्यात, इथं कोल्हापुरातच आहे. मुलाकडचे नागपूरचे. त्यांची ६५ माणसं येणार, त्यात ११ लहान मुलं. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजून ३४ मिनिटांचा मुहूर्त. व्याह्यांनी तोंडानं काही मागितलेलं नाही, पण विहीणबाई बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्याकडं सगळ्यांना हॉटेलचीच सवय आहे." स्टेशनजवळच्या एका हॉटेलात विचारलं. दोघांच्या एसी खोलीला दिवसाला ३,२०० रुपये, वर जीएसटी. ३३ खोल्या, दोन रात्री. मॅनेजर निम्मे पैसे आगाऊ मागतो आणि लवकर ठरवा म्हणून मागं लागलाय. मुक्कामासाठी आम्ही सव्वादोन लाख बाजूला काढलेत, त्याच्या वर जाणं शक्य नाही.

आमच्या बाजूची बाहेरगावची ४८ माणसं मुक्कामाला असतील. त्यातले चौदा जण मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येणार. ह्यांचं म्हणणं, आपल्या माणसांना कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये गाद्या टाकून देऊ. कार्यालयाला दहा खोल्याही आहेत. माझी आत्या ७६ वर्षांची आहे. आई लवकर गेली, आत्यानंच मला वाढवलं. तिचे गुडघे पार गेलेत. ती जिना चढून गादीवर झोपणार आणि नवऱ्यामुलाचे मित्र एसीत, हे मला बघवणार नाही. बोलले तर हे म्हणतात, "मुलीची बाजू आहे आपली. आपली माणसं समजून घेतात." बहिणीचा मुलगा अमेरिकेहून येतोय, त्याची बायको तिकडचीच आहे. त्या दोघांना शेजारच्या काकूंकडं ठेवायचं चाललंय. रात्र रात्र झोप नाही. काय करू?

एक आई, कोल्हापूर

*

ताई,

तुमच्या पत्रात आकडे पुष्कळ आहेत, पण वाचताना मी थांबले ती आत्यापाशी. म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते. आत्याला हॉटेलात खोली द्या. लिफ्टजवळची, कमोड असलेली, आणि सोबतीला रात्री हाक मारली तर उठेल अशी एखादी भाची किंवा सून. ही खोली "जमलं तर बघू" म्हणून ठेवायची नाही. यादीत पहिली ओळ तिची लिहा आणि बाकीचा हिशेब तिच्या खाली मांडा.

इतक्या ठामपणे सांगते याला कारण आहे. माझ्या मधल्या बहिणीचं लग्न साताऱ्याला झालं, तेव्हा मुक्कामाची वाटणी करणाऱ्यांत मी होते. मुलाकडच्यांना लॉजच्या खोल्या दिल्या आणि आमच्या थोरल्या मावशीला कार्यालयाच्या माडीवर. संडास खाली, मागच्या अंगणात. मावशीनं तक्रारीचा शब्द काढला नाही. उलट मला म्हणाली, "माझी काळजी करू नको, तू विहिणीकडं बघ." पुढं कितीतरी महिन्यांनी तिच्या सुनेकडून कळलं, की रात्री जिना उतरायला लागू नये म्हणून ती संध्याकाळी चारपासून पाणीच प्यायली नव्हती. आदल्या दिवशीही आणि लग्नाच्या दिवशीही. उन्हाळ्याचे दिवस होते. मावशी आता नाही. ती गोष्ट मला आजही सोडत नाही. आपली माणसं समजून घेतात हे तुमच्या यजमानांचं वाक्य खरं आहे, पण समजून घेताना ती काय सोसतात ते आपल्याला सांगत नाहीत.

यजमानांवर रागावू नका मात्र. त्यांच्या डोक्यात जुना जानवसा आहे. वऱ्हाडाला गावातलं चांगलं घर रिकामं करून द्यायचं, आपण ओट्यावर, पडवीत पडायचं, यातच मुलीच्या बापाची अब्रू, असं त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असणार. फक्त एक गोष्ट त्यांना आठवण करून द्या. तेव्हा जानवशातही गादीच असायची आणि ओट्यावरही गादीच. आंघोळीचं पाणी दोन्हीकडं त्याच चुलवणावर तापायचं. आज एका बाजूला एसी, गीझर, लिफ्ट आणि दुसऱ्या बाजूला हॉलमध्ये चाळीस जणांत दोन न्हाणीघरं, एवढी मोठी दरी पडते. ती दरी व्याह्यांच्या माणसांनाही दिसते, आणि त्यांच्यातल्या चांगल्या माणसांना अवघडायला होतं.

म्हणून माझी सूचना अशी. खोली कुणाला, हे बाजूवरून ठरवू नका. वयावरून, गुडघ्यावरून, तान्ह्या मुलावरून, पोटुशा सुनेवरून ठरवा, आणि दोन्हीकडच्यांना हाच नियम लावा. पैसे कुठून येणार? ते तुमच्याच सव्वादोन लाखांतून निघतात. बघा कसे.

तुम्ही माणसं मोजली आणि दोननं भागलं. हॉटेलवालाही तसंच मोजतो, कारण त्याला ते सोयीचं. तुम्ही रात्री मोजा. ६६ "खोली-रात्री" तुम्ही धरल्यात, म्हणजे २,११,२०० रुपये, वर पाच टक्के जीएसटी धरून २,२१,७६०. सगळं बजेट तिथंच संपलं. पण वऱ्हाडातली ११ मुलं आईबापांच्या खोलीतच झोपणार. उरले ५४ जण, म्हणजे पहिल्या रात्री २७ खोल्या. आता दुसरी रात्र. लग्न दुपारी, जेवणं चारपर्यंत, पाठवणी संध्याकाळी. वऱ्हाडातले किती जण त्याच रात्री बसनं परत फिरणार, हे तुम्ही विचारलंयत का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. नागपूरची मंडळी एवढ्या लांबून येतात म्हणून सगळी दोन रात्री राहतील असं आपणच गृहीत धरतो. नोकरदार माणसं पोरांची तयारी करून रात्रीच निघायला बघतात. समजा ४० जण निघाले. राहिले २५, त्यात तीन मुलं धरली तर ११ खोल्या. निघणाऱ्यांसाठी आणखी चार ठेवा, त्या कशाला ते पुढं सांगते. झाल्या १५. दोन्ही रात्री मिळून ४२. जीएसटी धरून १,४१,१२०.

सव्वादोन लाखांतून ८३,८८० उरले. त्यातून तुमच्या बाजूच्या चौदा वयस्कर माणसांना सात खोल्या दोन्ही रात्री दिल्या तर ४७,०४० लागतात. आत्या त्यात आली. तरी ३६,८४० हातात राहतात. जास्तीच्या गाद्या, गाड्यांच्या फेऱ्या, चहा आणि अडीअडचणीला तेवढे हवेतच. निघणाऱ्यांचा आकडा मी अंदाजानं धरलाय, तुमचा वेगळा येईल. पण हा कागद यजमानांपुढं ठेवा. भावनेपेक्षा कागदावर बोलणं त्यांना सोपं जाईल असं मला पत्रावरून वाटतं.

आता त्या चार खोल्या. हॉटेलचा दिवस साधारण दुपारी बाराला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला संपतो. तुमचा मुहूर्त १२ वाजून ३४ मिनिटांचा. म्हणजे जी माणसं त्याच रात्री परतणार आहेत त्यांच्या खोल्यांची वेळ बरोबर अकराला, वरात दारात असताना संपते! कुणी फेटा बांधतंय, कुणी लेकराला भरवतंय आणि खालून फोन येतोय, खोली सोडा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अकराला चेक-आउट आहे हे आदल्या रात्रीच प्रत्येकाला सांगायचं, बॅगा भरूनच सकाळी तयार व्हायचं, आणि बॅगा या चार खोल्यांत कुलपात ठेवायच्या. संध्याकाळी शालू, शेरवानी उतरवून प्रवासाचे कपडे घालायला, तोंडावर पाणी मारायला याच खोल्या उपयोगी पडतात. दोन बायकांना, दोन पुरुषांना. काही हॉटेलं २४ तासांचा हिशेब लावतात, दुपारी दोनला आलात तर दुसऱ्या दिवशी दोनला जा. तसं मिळालं तर उत्तमच, जरूर विचारा.

वऱ्हाड महाराष्ट्र एक्स्प्रेसनं येणार असेल तर ती गाडी दुपारी पोचते, खोल्या मिळायला अडचण नाही. खरा प्रश्न तुमच्या मुंबईकरांचा आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास येते. रात्रभराचा प्रवास, आणि खोली बाराला. कार्यालयही बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी दुपारनंतर ताब्यात मिळतं. पाच तास ही चौदा माणसं कुठं जाणार? दोन खोल्या ती पोचायच्या आदल्या रात्रीपासूनच घेऊन ठेवा. ६,७२० रुपये जातील, पण चौदा जणांच्या आंघोळी होतील आणि म्हातारी माणसं तासभर आडवी होतील. बाकीच्यांना सरळ घरी नाष्ट्याला बोलवा. लग्नघरातली ती सकाळ, कांदेपोहे आणि गप्पा, हे त्यांनाही हवंच असतं.

पाहुण्याला मुक्कामाचं काय आठवतं, तर पोचल्यानंतरचा पहिला तास. गरम पाणी मिळालं का, चहा मिळाला का, पाय पसरायला जागा मिळाली का. गादी किती जाड होती हे कुणी वर्षभर लक्षात ठेवत नाही.

म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी त्या हॉटेलात एकदा पहाटे सहाला जाऊन या. दुपारी एसीत बसून मॅनेजरशी बोललात तर काहीच कळणार नाही. वरच्या मजल्यावरच्या खोलीत नळ सोडून बघा, गरम पाणी किती वेळानं येतं. खोलीत स्वतंत्र गीझर आहे की गच्चीवरचं सोलर? सोलर असेल तर विचारा, की २७ खोल्यांतली माणसं साडेसहा ते आठच्या दरम्यान एकदम आंघोळीला गेली तर शेवटच्या खोलीला काय मिळतं. वीज गेली तर जनरेटरवर एसी आणि लिफ्ट चालतात की नुसते दिवे? मे महिना आहे, वळवाचा एक तडाखा आला की वीज जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. लिफ्टमध्ये व्हीलचेअर जाते का? आणि स्वयंपाकघर किती वाजता उघडतं? नाष्टा साडेसातला म्हणजे चहाही साडेसातला. घरातली वयस्कर माणसं पाचला उठतात. मी तर सांगेन, कार्यालयाच्या आचाऱ्याची भट्टी पहाटे पेटतेच, तिथून साडेपाचला दोन मोठे थर्मास भरून हॉटेलवर धाडा, एक बिनसाखरेचा. शंभर रुपयांच्या चहानं जे साधतं ते महागड्या भेटवस्तूंच्या पिशवीनं साधत नाही.

नागपूरहून बस येणार असेल तर ती हॉटेलच्या दारापर्यंत जाते का, रात्री कुठं उभी राहते, हेही बघा. महाद्वार रोडच्या बाजूला देवळाजवळचं हॉटेल घेण्याचा मोह होतो, पण तिथल्या गर्दीत मोठी बस घालणं कठीण. स्टेशनजवळ, शाहूपुरीत किंवा ताराबाई पार्कात तुलनेनं बरं.

अंबाबाईचं दर्शन मात्र आधीच कार्यक्रमात घाला. नागपूरहून आलेलं माणूस दर्शनाशिवाय परत जाणार नाही, आणि तुम्ही वेळ ठरवून दिली नाहीत तर लग्नाच्या सकाळीच दहा-बारा जण गुपचूप रांगेत उभे राहतील. मग करवलीचा पत्ता नाही, मामा सापडत नाहीत. आलेल्या दिवशी दुपारी विश्रांती झाल्यावर सीमांतपूजनाआधी, किंवा राहणाऱ्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, असं पाहुण्यांना द्यायच्या चिठ्ठीवर छापूनच टाका. दर्शनाचा वार मंगळवार किंवा शुक्रवार असेल तर देवळात गर्दी जास्त, तेही धरून चाला.

आता तो मॅनेजर. तो घाई करतोय यात त्याचं चूक नाही. तुमचा मुहूर्त एकट्या तुमचा नाही, गावात त्या दिवशी अनेक लग्नं असणार, आणि शाळांच्या सुट्ट्या असल्यानं पर्यटकही असतात. जोतिबाची चैत्र यात्रा तेवढी तुमच्या आधी होऊन जाईल, ती गर्दी टळली. म्हणून खोल्या आत्ताच धरून ठेवायला हव्यात हे खरं. पण ३३ खोल्यांचे निम्मे पैसे आत्ता भरायला हवेत हे खरं नाही. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं. म्हणजे तुमच्या पाहुण्यांना स्वतःलाच आज माहीत नाही की ते नक्की येणार का, कधी येणार, कधी परतणार. तिकिटं मार्चमध्ये निघायला लागतील, कुणाची वेटिंगवर अडकतील, कुणी गाडी करून येतील. आकडा पक्का होईल तो एप्रिलच्या सुरुवातीला. तेव्हा मॅनेजरला म्हणा, "खोल्या धरून ठेवा, आत्ता वीस-पंचवीस टक्के देतो, लग्नाच्या तीस दिवस आधी पक्का आकडा सांगतो, तोपर्यंत सात-आठ खोल्या कमी करायची मुभा द्या. बाकी आगाऊ रक्कम तेव्हा." सगळं मिळून साठेक खोली-रात्रींचं गिऱ्हाईक तुम्ही आहात, तो बोलणी तोडणार नाही. फारच अडून बसला तर दोन हॉटेलांत विभागा, पण मग दोन्हीकडच्या वयस्करांना एकाच ठिकाणी ठेवा. म्हातारी माणसं एकत्र असली की त्यांचं छान जमतं, आणि गाडीची एकच फेरी पुरते.

जे ठरेल ते हॉटेलच्या लेटरहेडवर लिहून घ्या. खोल्या किती, कुठल्या प्रकारच्या, कुठल्या मजल्यावर, दर जीएसटीसह किती, नाष्टा धरून की वेगळा, जास्तीच्या गादीला किती, चेक-इन आणि चेक-आउट किती वाजता, किती खोल्या कधीपर्यंत सोडता येतात आणि पैसे किती परत. "ताई, काळजी करू नका, घरचंच कार्य आहे" या वाक्यावर पैसे देऊ नका. पावतीवर जीएसटीचा आकडा तपासा. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के लागतो, आधी १२ होता. त्याहून महाग खोलीला १८. कुणी जुन्या दरानं हिशेब मांडला तर सगळ्या मिळून ५८ खोली-रात्रींच्या मागं तेरा हजारांचा फरक पडतो.

ओळखपत्राचं आजच सगळ्यांना कळवा. प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं, कुटुंबप्रमुखाचं एकट्याचं चालत नाही. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. पॅन कार्ड बहुतेक हॉटेलं घेत नाहीत, त्यावर पत्ता नसतो. पण लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधारचे फोटो टाका असं मुळीच सांगू नका. ज्याचं त्यानं जवळ बाळगावं. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, ते तरुण मुलं करून देतील.

भाच्याच्या बायकोचा विषय छोटा पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही. परदेशी नागरिक कुणाच्या घरी मुक्कामाला आला तर त्या घरच्या माणसानं २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते. हॉटेलात राहिली तर हॉटेल कळवतं, शेजारच्या काकूंकडं राहिली तर ती जबाबदारी काकूंवर येते. त्यांना हे माहीत नसणार, आणि लग्नाच्या धामधुमीत त्यांच्या माथी हे का मारायचं? त्या दोघांना हॉटेलातच खोली द्या. भाचा कमावता आहे, त्या खोलीचे पैसे त्यानं देऊ केले तर संकोच न करता घ्या.

पैशावरून आठवलं. व्याह्यांशी बोलणं तुम्ही टाळताय, ते पत्रातल्या दोन ओळींमधून दिसतं. विहीणबाईंचं ते हॉटेलच्या सवयीचं वाक्य तुम्ही मनात इतकं घोळवलंयत की त्याची मागणी झाली. कदाचित ती मागणी असेलही. कदाचित त्यांनी नुसतं सांगितलं असेल, की खाली झोपणं जमत नाही. विचारल्याशिवाय कळणार नाही. तुम्ही दोघांनी मिळून फोन करा, एकट्या यजमानांवर सोडू नका, आणि फोनवर असं काहीसं म्हणा:

"आपली सगळी माणसं नीट राहावीत म्हणून आम्ही आत्तापासून तयारीला लागलोय. पहिल्या रात्री तुमच्यासाठी २७ खोल्या धरल्यात. दुसऱ्या रात्री कोण राहणार, कोण निघणार, हे तिकिटं झाली की कळवाल का? खाली बसणं, झोपणं ज्यांना जमत नाही, ज्यांची मुलं तान्ही आहेत, त्यांची नावं आधी द्या, त्यांना लिफ्टजवळच्या खोल्या देऊ. आमच्याकडचीही वयस्कर मंडळी त्याच हॉटेलात असतील. त्याआधी किंवा नंतर कुणाला थांबून पन्हाळा, जोतिबा करायचं असेल तर याच दरात खोली मिळवून देऊ, ते पैसे ज्याचे त्यानं भरायचे."

शेवटचं वाक्य गिळू नका. ते आधी सांगितलं तर साधं वाटतं, नंतर बिल पुढं केलं तर अपमान होतो. आणि बऱ्याच घरांत आता मुलाकडचे स्वतःहून म्हणतात की आमच्या खोल्यांचं आम्ही बघतो, किंवा निम्मं निम्मं करू. तसं म्हणाले तर मुलीची बाजू म्हणून घाईघाईनं नको म्हणू नका. मान हलवा आणि कागदावर लिहून घ्या.

नागपूरच्या कुणाला कुठली खोली, हे तुम्ही अजिबात ठरवू नका. कोण कुणाशी बोलत नाही, कोण घोरतं, कुणाला आपल्या भावजयीशेजारी खोली नको, हे त्यांच्या घरातलं, ते तुम्हाला कसं कळणार? खोल्यांचे क्रमांक आणि मजले लिहून यादी त्यांच्याकडच्या एका जबाबदार माणसाला द्या. नवऱ्यामुलाचा चुलतभाऊ असेल, आत्येभाऊ असेल. नावं तो भरेल. रुसवाफुगवा झालाच तर तो त्यांच्या माणसांचा त्यांच्या माणसाशी होईल, तुमच्या अंगणात येणार नाही. तुमच्या बाजूनं हॉटेलात एक तरुण मुलगा पूर्ण वेळ बसवा, चाव्या पाकिटांत घालून वर नावं लिहून ठेवायला, आणि रात्री अकराला "आमच्या एसीतून पाणी गळतंय" असा फोन आला तर तो घ्यायला. त्याला सीमांतपूजन हुकेल, म्हणून आधीच नीट विचारून घ्या आणि लग्नात त्याला आठवणीनं आहेर करा. तुमचा स्वतःचा नंबर त्या चिठ्ठीवर छापू नका. तुम्ही त्या दिवशी मुलीजवळ असायला हव्यात.

कार्यालयाचा हॉल वाईट नाही, हेही सांगते. तुमच्याकडची जी तरुण पोरं आहेत, भाचे-पुतणे, मामेबहिणी, त्यांना तिथं गाद्या टाकून, दोन मोठे कूलर लावून द्या. ती रात्रभर मेंदी, पत्ते, गप्पा करत बसतील आणि पुढची वीस वर्षं त्याच रात्रीची आठवण काढतील. नवऱ्यामुलाचे मित्र तिथं यायला तयार असतील तर त्यांनाही बोलवा, बळजबरी नको. कार्यालयाच्या दहा खोल्यांतल्या दोन नवरीच्या तयारीला, एक रुखवत आणि दागिन्यांना कुलूप लावून, बाकीच्या मधल्या वयाच्या जोडप्यांना. हॉलजवळच्या संडास-बाथरूमना कड्या नीट लागतात का आणि रात्री पाणी असतं का, एवढं बघून या. जिन्यात दिवा लावून ठेवायला सांगा.

राहता राहिले तुमचे यजमान. आत्यासाठी भांडू नका त्यांच्याशी. वरचा हिशेब त्यांच्यापुढं ठेवा, आणि मग त्यांनाच म्हणा, "आत्याला फोन तुम्ही करा." जावयानं स्वतः फोन करून, "आत्या, तुमची खोली पहिल्या मजल्यावर लिफ्टजवळ घेतलीय, कमोड आहे, सोबतीला कुणाला ठेवू?" असं विचारलं, तर त्या म्हातारीला काय वाटेल याचा विचार करा. ती "नको, मी कुठंही पडेन" असंच म्हणणार. तेव्हा त्यांनी म्हणायचं, की पैसे भरून झालेत.